मोनॅडनॉक बघायची कशी: एका नावाखालच्या दोन इमारती

शिकागोची मोनॅडनॉक बिल्डिंग ही ऑफिसांची जुनी उंच इमारत बघायला तासभर पुरतो. पण सुरुवात भलत्या टोकाला केली, तर तपकिरी विटांची एक लांबलचक उंच भिंत बघितली एवढंच पदरात पडतं. म्हणून जॅक्सन बुलेव्हार्ड आणि डिअरबॉर्न स्ट्रीटच्या कोपऱ्यावर सुरुवात करा आणि दक्षिणेला व्हॅन ब्युरेन स्ट्रीटकडे चालत जा. उत्तरेकडचा अर्धा भाग बर्नम आणि रूट या वास्तुविशारदांचा, 1891 मध्ये पूर्ण झालेला. दक्षिणेकडचा होलाबर्ड आणि रोश या दुसऱ्या वास्तुविशारद जोडीचा, 1893 चा. मधे जेमतेम दोन वर्षं, पण तेवढ्यात बाहेरच्या भिंतीचं काम बदललं होतं. पहिल्या भागात भिंत ओझं वाहते, दुसऱ्यात ते आतल्या धातूच्या सांगाड्यावर असतं आणि भिंत नुसतं पांघरूण. हा फरक डोळ्यांनी पकडायचा आहे.

डिअरबॉर्नकडची बाजू पूर्वेची. सकाळ जरा चढली की ऊन या भिंतीवर तिरपं येतं आणि तिची वळणं नीट दिसतात. ढगाळ दिवशी ती सपाट वाटतात.

आधी जॅक्सन ओलांडून पलीकडच्या, म्हणजे उत्तरेच्या फुटपाथवर जा. पाठीशी क्लुझिन्स्की बिल्डिंगचा काळा पोलाद-काचेचा टॉवर असेल. इथून फक्त बाह्यरेषा बघा. तळाशी रुंद असलेली भिंत थोडी वर जाताच हळूच आत वळते, मग सरळ चढते आणि माथ्याशी पुन्हा बाहेर झुकते. कोपऱ्याची कडही खालून वर सारखी नाही. वर जाऊ तशी ती जास्त जास्त तासलेली दिसते. या वळणांसाठी विटा खास साच्यांतून पाडून घेतल्या होत्या. नक्षी शोधू नका, नाहीच. मालक पीटर ब्रूक्सला बाहेर आलेले भाग नको होते. त्यांच्यावर घाण साचते, असं त्याचं म्हणणं. तरी बे विंडो, म्हणजे भिंतीबाहेर काढलेल्या खिडक्या, मात्र ओळीने बाहेर आल्याच, कारण त्यांनी उजेडही मिळतो आणि भाड्याने द्यायची जागाही वाढते. भाड्यापुढे तत्त्वाला थोडी मुरड पडली म्हणायची.

आता रस्ता ओलांडून भिंतीजवळ या. त्या काळी विटांच्या भिंतीसाठी एक ढोबळ हिशेब असे: एका मजल्याला 12 इंच, पुढच्या प्रत्येक मजल्यामागे तळाशी आणखी 4 इंच. इथे मजले 16. म्हणजे 12 अधिक 15 गुणिले 4, बरोबर 72 इंच. तळाशी भिंत खरोखरच 6 फूट जाड आहे. टेप नसेल तर खिडकीपाशी वितीने मोजा, साधारण आठ विती भरतील. मात्र काच भिंतीत मधे बसवलेली असते, त्यामुळे बाहेरून दिसणारी खोली म्हणजे पूर्ण जाडी नव्हे. काचेच्या आतला भागही मिळवा, नाहीतर माप हमखास कमी येतं. एवढी जाड भिंत जी जागा खाते ती सगळ्यात महाग तळमजल्याची. विटांनी याहून फार उंच जाणं परवडणार नव्हतं, ते याचमुळे.

दारातून आत जाताना पायाखाली बघा. रस्त्यावरून तळमजल्यावर जायला एक पायरी खाली उतरावी लागते. मुळात असं नव्हतं. शिकागोची माती मऊ, म्हणून रूटने पायात काँक्रीट आणि पोलादी तुळयांचा, तराफ्यासारखा रुंद थर घातला. तो भिंतीच्या बाहेर 11 फूट, रस्त्याखालीही जातो. इमारत 8 इंच खचेल असं धरलं होतं. 1940 च्या दशकाअखेर ती 20 इंच खचलेली होती.

आत लांब, अरुंद कॉरिडॉर आहे. इमारत इतकी चिंचोळी की प्रत्येक ऑफिसला बाहेरची खिडकी मिळते आणि कॉरिडॉर मधोमध राहतो. उत्तर भागातला जिना चुकवू नका: तो ॲल्युमिनियमचा आहे. बांधकामात हा धातू वापरल्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. 1979 पासून इमारतीचं जुनं रूप टप्प्याटप्प्याने परत आणलं गेलं. वरच्या मजल्यांवर चालू ऑफिसं आहेत, तिथे विनाकारण फिरू नये.

इथे दोन चुका नेहमी होतात. एक, उत्तर भाग निव्वळ विटांचा आहे असं सांगणं. ओझं वाहणाऱ्या भिंती बाहेरच्या. आत धातूचे खांब आहेत आणि वाऱ्याचा जोर पेलायला धातूच्या पोर्टल चौकटीही, म्हणजे खांब आणि तुळया घट्ट जोडून केलेल्या दारासारख्या चौकटी. दुसरी, हिला पहिली गगनचुंबी म्हणणं. तो मान बहुतेक जण 1885 च्या होम इन्शुरन्स बिल्डिंगला देतात, आणि ती 1931 मध्ये पाडली गेली.

पुन्हा डिअरबॉर्नवर येऊन दक्षिणेकडे चाला, मान वर ठेवून. रंग तोच, बे विंडोही चालू राहतात, त्यामुळे दोन भागांमधला सांधा पटकन सापडत नाही. विटांकडे बघू नका, दोन खिडक्यांमधल्या भरीव पट्ट्यांकडे बघा. उत्तरेत ते जाडजूड, खिडक्या खोल बसवलेल्या. दक्षिणेत पट्टे बारीक होतात, काच वाढते, आणि माथ्यावर साध्या वळणाऐवजी रीतसर कॉर्निस, म्हणजे बाहेर आलेली कंगणी, येतो.

व्हॅन ब्युरेनला डोक्यावरून लूपची, म्हणजे शहराच्या मध्यभागाला वळसा घालणारी उन्नत रेल्वे धडधडत जाते. तिथे थांबून डिअरबॉर्नच्या पलीकडे बघा: फिशर बिल्डिंग, 1896, पोलादी सांगाडा, टेराकोटाचं (भाजलेल्या मातीचं) आवरण. मालकाच्या फिशर (म्हणजे मच्छीमार) या आडनावावरून तिच्यावर मासे आणि खेकडे कोरलेत. ते दारांच्या आसपास शोधा.