न गंजणारी सुरी करायचीय? मग आधी भट्टी शोधा

मालवणच्या बंदरावर मासे कापून देणाऱ्या एका मावशींना मी मोठ्या हौसेने माझी सुरी दिली होती. आठ दिवसांनी गेलो तर पात्यावर तांबूस ठिपके, मुठीच्या सांध्यात गंज. "झिला, हिच्यापेक्षा माझो आडाळो (विळी) बरो," एवढंच म्हणाल्या आणि पुढचा बांगडा कापायला घेतला.

ते पातं डी२ पोलादाचं होतं. डाय म्हणजे कारखान्यातले साचे करणाऱ्यांचं लाडकं पोलाद, सहज मिळतं, त्यात १२ टक्के क्रोमियम असतं आणि म्हणून अनेकजण त्याला 'जवळजवळ स्टेनलेस' म्हणतात. पण त्यात दीड टक्का कार्बनही असतो. हा कार्बन क्रोमियमला धरून त्याचे कार्बाइड, म्हणजे बारीक कठीण कण, करतो. ते धार टिकवतात, पण त्यात अडकलेलं क्रोमियम गंजाशी लढायला येत नाही. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये ओतलेल्या पोलादात क्रोमियम १२.८ टक्केच होतं, पण कार्बन जेमतेम ०.२४. नव्याने या कामात येणाऱ्यांनी क्रोमियमचा आकडा एकटा वाचू नये. शेजारी कार्बन किती आहे ते बघावं.

त्याआधीची चूक तर आणखी बाळबोध. हॉटेलच्या किचनचं काम करणाऱ्याकडून ३०४ या भांड्यांच्या स्टेनलेसच्या पट्ट्या आणल्या होत्या. ३०४ खाऱ्या हवेत बऱ्यापैकी टिकतं, पण कितीही तापवून विझवा, कडक होत नाही. चमचे करा, सुरी नको.

मग ठरवलं, ४४०सी हे कडक होणारं, भरपूर कार्बनचं स्टेनलेस घ्यायचं. एका व्यापाऱ्याकडे 'फोर फोर्टी' म्हणून पट्टी मिळाली, भाव बरा, टीसी (मालाचं टेस्ट सर्टिफिकेट) मात्र नाही. आपल्याकडे चुंबक चिकटला की 'हे स्टेनलेस नाही' म्हणतात. सुरीच्या पोलादाला ते लागू नाही, कारण कडक होणारं स्टेनलेस चुंबकाला चिकटतंच. माझी पट्टी चिकटली, मी खूश. खात्रीसाठी ओळखीच्या माणसाच्या हातातल्या, धातूतले घटक दाखवणाऱ्या एक्सरे गनने तपासली. क्रोमियम १७ टक्के! सोळा पाती कापली, घासली, व्हॅक्यूम भट्टीला पाठवली. परत आली तर कानस सरळ चावत होती, म्हणजे पाती मऊच. भट्टीवाल्याशी भांडलोही, नंतर माफी मागावी लागली. लॅबमध्ये ठिणगीवरचं स्पेक्ट्रो (ठिणगी पाडून घटक मोजायची तपासणी) करून घेतलं तेव्हा कळलं, कार्बन ०.०५. माल ४३० होता, कडक न होणारं स्टेनलेस. त्यातही क्रोमियम १७ च्या आसपास, तोही चुंबकाला चिकटतो. आणि ती गन कार्बन बघूच शकत नाही! हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर सोळा पात्यांची मजुरी वाचली असती. आता टीसीवरचा हीट नंबर (पोलादाच्या ओतीचा नंबर) मालावरच्या नंबराशी जुळवतो, आणि एक तुकडा स्पेक्ट्रोला देतोच.

सध्या माझं बहुतेक काम स्वीडनच्या १४सी२८एन वर चालतं: कार्बन ०.६२, क्रोमियम १४, थोडा नायट्रोजन ०.११. हा नायट्रोजन कार्बनसारखा कडकपणा देतो, पण गंजरोधाचं नुकसान करत नाही. याच वाटेवर पुढे एलसी२००एन आहे. त्यात कार्बन ०.३ आणि नायट्रोजन ०.४ च्या आसपास. या जातीचं पोलाद विमानांच्या बेअरिंगसाठी वापरतात. समुद्रावरच्या सुरीला उत्तम, पण बाहेरून मागवायचं म्हणजे कुरिअर, ड्युटी, वर १८ टक्के जीएसटी. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका.

कारण खरा प्रश्न भट्टीचा आहे. कार्बन स्टीलला कोळशाच्या भट्टीत डोळ्याने रंग बघून पाणी देता येतं. इथे १०५० ते १०८० अंश नेमकं हवं, हवा लागू द्यायची नाही, मग झटपट थंड करायचं आणि लगेच उणे तापमानात न्यायचं. भोसरीसारख्या औद्योगिक भागात व्हॅक्यूमवाले मिळतात, पण त्यांचं रोजचं काम डायचं. तुमची चार पाती ते डायच्या बॅचमध्ये टाकतात आणि टेंपरिंग, म्हणजे कडक झालेल्या पात्याचा ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं, ५०० अंशांच्या घरात करतात. कडकपणा कागदावर ठीक दिसतो, पण त्या तापमानाला क्रोमियम पुन्हा कार्बाइडमध्ये जातं आणि महागडं पोलाद गंजायला लागतं. म्हणून आधी भट्टीवाल्याला विचारा: माझ्या तापमानावर वेगळी बॅच कराल का, कमीत कमी किती किलोचं बिल लावाल, टेंपरिंग १८० ला कराल का? तो 'हो' म्हणेल त्याच पोलादाची पट्टी घ्या. किमान बिल परवडत नसेल तर तेच पोलाद वापरणाऱ्या दोन-तीन जणांची पाती एकत्र पाठवा.

घासतानाची एक गोष्ट. साध्या लोखंडावर वापरलेला बेल्ट स्टेनलेसला लावू नका. लोखंडाचे कण पात्यात रुततात, तेच आधी गंजतात आणि दोष पोलादावर येतो. शेवटचं घासकाम बारीक ठेवा, खोल ओरखड्यात मीठ बसतं.

मावशींना गेल्या वर्षी १४सी२८एनची सुरी दिली. पावसाळा गेला, पातं स्वच्छ आहे. पितळी पिनेपाशी मात्र हिरवट डाग दिसतोय, तेव्हा पुढच्या खेपेला पिना ३१६ स्टेनलेसच्या.