ब्लॉग लिहू पाहणाऱ्या न्यायाधीशांसाठी आणि प्राध्यापकांसाठी काही पथ्ये

ब्लॉगवर कशाबद्दल लिहायचे याआधी कशाबद्दल लिहायचे नाही, याची यादी करावी. न्यायाधीशांच्या बाबतीत निम्मे काम या यादीतच उरकते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी स्वीकारलेल्या आचारमूल्यांनुसार राजकीय विषयांवर, तसेच प्रलंबित किंवा पुढे न्यायालयासमोर येऊ शकणाऱ्या प्रकरणांवर न्यायाधीशाने जाहीर मत मांडायचे नसते. त्यामुळे सेवेत असेपर्यंत कायद्याचा इतिहास, निकालपत्राची भाषा असे विषयच हाताशी उरतात. टोपणनावाचा आडोसाही भरवशाचा नाही; इंग्लंडमधील २०१२ च्या सूचनांनी निनावी ब्लॉगलाही तेच नियम लावले.

निवृत्तीनंतर लेखणी मोकळी होते, पण पुरती नाही. न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ च्या कलम ५ नुसार अंतिम निकाल लागलेल्या प्रकरणाच्या गुणवत्तेवर रास्त टीका करता येते. मात्र पुनर्विलोकन याचिका (निकालाचा फेरविचार मागणारा अर्ज) उभी असेल, तर ‘अंतिम’ कशाला म्हणायचे हे आधी तपासावे. माजी न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांनी २०१६ मध्ये सौम्या खून खटल्याच्या निकालावर समाजमाध्यमांवर कडक टीका केली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पाचारण केले. त्यांचा रोख निकालावर नसून न्यायाधीशांवर आहे, असे सकृद्दर्शनी मत नोंदवून अवमानाची नोटीस काढली आणि जानेवारी २०१७ मध्ये माफी स्वीकारून प्रकरण मिटवले. म्हणून मसुदा तयार झाला की प्रत्येक विशेषण निकालाला लागते आहे की माणसाला, हे एकदा पेन्सिलीने खुणा करून पाहावे.

मांडणीसाठी गॅरी बेकर आणि रिचर्ड पॉस्नर यांचा नमुना अभ्यासावा. शिकागोचे नोबेलविजेते अर्थतज्ज्ञ बेकर आणि तेव्हा अमेरिकेत पदावर असलेले अपील न्यायाधीश पॉस्नर डिसेंबर २००४ पासून २०१४ पर्यंत एकत्र ब्लॉग लिहीत होते. विषय एक, लेख दोन, अशी त्यांची पद्धत होती. पहिलाच विषय होता प्रतिबंधात्मक युद्ध. दोघांची वैचारिक घडण एकाच परंपरेतली असल्याने मतभेद फारसे रंगत नसत, ही त्यातली उणीव. जोडीदार शोधताना आपल्याला खोडून काढणाराच निवडावा.

प्राध्यापकांना अर्धवट विचारही मांडता येतो, ही त्यांची खरी चैन. गणिती टिमोथी गॉवर्स यांनी जानेवारी २००९ मध्ये एक अवघड प्रश्न ब्लॉगवर सर्वांसाठी खुला केला आणि काही आठवड्यांतच उत्तर हाती आले. पुढे चूक आढळलीच, तर जुना मजकूर न पुसता दुरुस्ती तारखेसह खाली जोडावी.