नवी दाढ पिवळट दिसतेय? मुलांचं इनॅमल कच्चं असेल तर या चुका टाळा

सहा-सात वर्षांच्या मुलाची नवी दाढ वर येते आणि तिच्यावर पिवळट-तपकिरी डाग दिसतो. लगेच कुणीतरी म्हणतं, "नीट घासत नाहीस ना!" पहिली चूक इथेच होते. हा डाग पुष्कळदा मळाचा नसतोच. पहिल्या कायमच्या दाढेचं इनॅमल, म्हणजे दातावरचं टणक आवरण, जन्माच्या सुमारास तयार व्हायला लागतं आणि ते काम साधारण तीन वर्षं चालतं. त्यात अडथळा आला तर खनिजं कमी भरतात आणि दाढ हिरडीतून कच्चीच बाहेर येते. नेमकं कारण अनेकदा सापडत नाही, म्हणून मुलाला रागावू नका आणि स्वतःलाही बोल लावू नका.

डाग घासून काढायला जाणं. सोडा, कोळसा, लिंबू यातलं काहीही त्या दाढेला लावू नका. इनॅमल बनवणाऱ्या पेशी दात वर येईपर्यंत संपलेल्या असतात. झिजलं ते परत येत नाही.

दुखण्याला नाटक समजणं. माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. मूल पुढचे दात छान घासतं, पण ब्रश मागे गेला की मान हिसकावतं. गार पाण्याचा घोट एकाच गालातून गिळतं, एकाच बाजूने चावतं. कच्चं इनॅमल सच्छिद्र असतं, गारवा थेट आतल्या नसेपर्यंत पोचतो आणि सणकन कळ जाते. मग मूल ती दाढ घासणंच टाळतं, तिच्यावर थर साचतो आणि मुळातच मऊ असलेली दाढ भराभर किडते. मऊ ब्रश कोमट पाण्यात बुडवा, मुलाचं डोकं मांडीवर घ्या आणि मागच्या दाढा तुम्ही स्वतः घासून द्या. सात-आठ वर्षांपर्यंत हे काम मोठ्यांचंच.

फ्लोराइडला घाबरणं. जास्त फ्लोराइडने दातांवर डाग पडतात (फ्लोरोसिस), त्याचीच ही भीती. पण ते डाग पांढुरके, विरलेल्या कडांचे आणि दोन्हीकडे सारखे असतात. कच्च्या इनॅमलच्या डागाची कड ठळक असते आणि शेजारचा दात स्वच्छही असू शकतो. अशा दाढेला फ्लोराइड हवंच. पेस्ट किमान 1000 पीपीएम (फ्लोराइडचं प्रमाण) असलेली घ्या. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहापर्यंत वाटाण्याएवढी. नंतर नुसतं थुंकू द्या, चुळा भरायला लावू नका.

"दुधाची आहे, पडेल" म्हणणं. ही दाढ दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं कळतही नाही. ती आयुष्यभराची आहे. दुधाच्या मागच्या दाढांवर आधी असे डाग दिसले असतील तर पाचव्या वर्षापासून तिथे लक्ष ठेवा.

दुखेपर्यंत थांबणं. चावण्याच्या दाबाने कच्चं इनॅमल कपच्यांनी तुटतं आणि खड्ड्यात कीड शिरते. दाढ अर्धी वर आली की दाखवून घ्या. फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप), खाचा बुजवणारं सीलंट किंवा जास्त तुटली असेल तर स्टीलची कॅप, यातलं काय करायचं ते दाढ बघून ठरतं. गार लागल्यावर कळ येते हे डॉक्टरांना आधीच सांगा. अशा दाढेत बधिरीकरणाचा असर कधी कधी कमी होतो, आणि ते आधी माहीत असलं की मुलाला खुर्चीत त्रास कमी होतो.