डेस्कटॉप सजवताना या चुका टाळा

भुसावळला माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. चार जीबी रॅमच्या जुन्या पीसीवर लिनक्स आणि त्यावर एक्सएफसीई डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या, मेनू, पॅनेल दाखवणारा प्रोग्रॅम. खालच्या बहुतेक चुका मी याच मशीनवर केल्यात, त्याही गिऱ्हाईक समोर उभं असताना.

सगळ्यात महागात पडला तो शॉर्टकट. फोटोंचा फोल्डर झटकन उघडावा म्हणून मी कंट्रोल-पी ही प्रिंट काढायची जोडीच त्याला देऊन टाकली. दुसऱ्या दिवशी प्रिंट निघेना. केबल काढून लावली, प्रिंटरचा ड्रायव्हर पुन्हा टाकला. एक आजोबा म्हणाले, "भाऊ, मशीनच बदला आता." डेस्कटॉपला दिलेला शॉर्टकट आधी डेस्कटॉपच गिळतो, आतल्या प्रोग्रॅमपर्यंत तो पोचतच नाही. म्हणून स्वतःचे शॉर्टकट विंडोज चिन्हाच्या बटणाबरोबर ठेवा. ते बटण बहुतेक प्रोग्रॅम वापरत नाहीत; फक्त डेस्कटॉपनं आधीच अडवलं नाही ना, ते सेटिंगमध्ये बघून घ्या.

दुसरी चूक फॉन्टची. इंग्रजीपुरता देखणा फॉन्ट निवडला की त्यात देवनागरी नसते. मग सिस्टिम हाताला लागेल तो देवनागरी फॉन्ट उचलते आणि मेनूत हिंदी वळणाचे ल आणि श दिसायला लागतात. एकही सापडला नाही तर नुसते चौकोन. 'लोहित मराठी' हा देवनागरी फॉन्ट टाकून घ्या, मग हवा तो इंग्रजी फॉन्ट निवडा.

थीम, म्हणजे डेस्कटॉपचं तयार रंगरूप, कुठूनही उतरवू नका. प्लाझ्मा या दुसऱ्या लिनक्स डेस्कटॉपची 'ग्लोबल थीम' म्हणजे नुसते रंग आणि चिन्हं नव्हेत, तिच्यात चालणारा कोडही असू शकतो. मार्च २०२४ मध्ये अशाच एका थीमनं एका वापरणाऱ्याच्या फाइली पुसल्या होत्या. आधी फक्त रंग, मग चिन्हं, असं एकेक बदलत जावं. सगळं एकदम टाकलं तर भरीत होतं, आणि खान्देशात असूनही हे भरीत कोणाला आवडत नाही.

ग्नोम हा आणखी एक डेस्कटॉप; तो वापरणाऱ्यांनी आवृत्ती वाढवण्याआधी आपली एक्स्टेन्शनं, म्हणजे वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, तपासावीत. सप्टेंबर २०२३ मध्ये ग्नोम ४५ आलं तेव्हा एक्स्टेन्शन लिहायची पद्धतच बदलली आणि जुनी सगळी बंद पडली.

सावल्या, पारदर्शक खिडक्या वगैरे मी उन्हाळ्यात बंदच ठेवतो. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जातो, पीसीचा पंखा तसाही कण्हत असतो. एक्सएफसीईत 'विंडो मॅनेजर ट्वीक्स' उघडून सावल्या-पारदर्शकता दाखवणारा 'कंपोझिटर' बंद केला की झालं.

एवढं करूनही पॅनेल, म्हणजे मेनू आणि घड्याळाची पट्टी, गायब झालं तर सिस्टिम नव्यानं टाकू नका. आधी लॉगआउट व्हा, नाहीतर चालू असलेला प्रोग्रॅम जुनीच सेटिंग पुन्हा लिहून ठेवतो. मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करा. घरच्या फोल्डरात टिंबानं सुरू होणारा 'कॉन्फिग' नावाचा लपलेला फोल्डर असतो, त्यातल्या 'एक्सएफसीई४' चं नाव बदला. पुसू नका, नावच बदला. मशीन पुन्हा सुरू केलं की मूळचं पॅनेल येतं. आपले जुने शॉर्टकट त्या बदललेल्या नावाच्या फोल्डरातच असतात, हवे तेवढे पाहून परत लावा. कंट्रोल-पी सोडून.