पॉवर प्रेसवरील कामगारांना सुरक्षा प्रशिक्षण कसे द्यावे

छोट्या कारखान्याच्या मालकाने प्रशिक्षणाची सुरुवात सभागृहात नव्हे, तर पॉवर प्रेससमोर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या किंवा वाकवणाऱ्या यंत्रासमोर, करावी. वीजपुरवठा तोडून, फ्लायव्हील (फिरते जड चाक) पूर्ण थांबल्यावर आणि रॅमखाली (वर-खाली होणाऱ्या भागाखाली) आधाराचा ठोकळा लावल्यावर, डाय (खालचा साचा) आणि पंच (वरून दाबणारा भाग) यांच्यामध्ये बोट नेमके कुठे सापडते हे नव्या कामगाराला लाकडी पट्टीने दाखवावे. हात आत राहू नयेत म्हणून प्रेस चालवायला दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायची दोन बटणे असतात; त्यांपैकी एक चिंधीने दाबलेलेच बांधून ठेवण्याची युक्ती बहुतेक कारखान्यांत ठाऊक असते. ती कामगाराच्या आळसापेक्षा उत्पादनाच्या घाईतून येते, म्हणून सुपरवायझरलाही याच वर्गात बसवावे. प्रशिक्षणाच्या मदतीसाठी मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेकडे किंवा १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेकडे विचारणा करावी. महिन्याभराने, हजेरीपटावर न विसंबता, रात्रपाळीत जाऊन ती बटणे स्वतः पाहावीत.