पानमांडणी शिकणाऱ्यांसाठी: डिस्प्ले सेटिंग्जचा माझा अनुभव

पानमांडणीच्या कामाला मी सुरुवात केली, तेव्हा माझ्या डेस्कटॉपवर काळी अक्षरे करडी दिसत आणि गडद पार्श्वभूमीवरच्या लाल शीर्षकांतले अनुस्वार इतके फिसकटलेले असत की मुद्रितशोधनात ते हमखास निसटत. मॉनिटर जुना झाला असावा, असे समजून मी कित्येक दिवस त्याचा ब्राइटनेस कमी-जास्त करत राहिलो. प्रत्यक्षात मॉनिटर ठणठणीत होता. ग्राफिक्स कार्डच त्याला चुकीच्या स्वरूपात चित्र पाठवत होते.

आधी केबल पाहावी. ती मदरबोर्डच्या नव्हे, तर कार्डाच्या पोर्टमध्ये हवी. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये मॉनिटरचे मूळ रिझोल्यूशन निवडावे. अक्षरे बारीक वाटली, तर रिझोल्यूशन न उतरवता स्केल १२५ किंवा १५० टक्के करावे. रिफ्रेश रेट, म्हणजे पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने उमटते तो आकडा, ‘अॅडव्हान्स्ड डिस्प्ले’मध्ये सापडतो. एखादा बदल मॉनिटरला न झेपून पडदा काळा झाला, तरी घाबरू नये, कारण संमती दिली नाही तर १५ सेकंदांत जुनी मांडणी आपोआप परत येते.

माझी खरी अडचण मात्र विंडोजच्या या पानावर नव्हती, ती कार्डाच्या स्वतःच्या कंट्रोल पॅनेलमध्ये होती. संगणकावर रंगाच्या छटा ० ते २५५ अशा मोजतात, तर टीव्हीच्या पद्धतीत १६ म्हणजे काळा आणि २३५ म्हणजे पांढरा. एचडीएमआय केबलने जोडलेल्या मॉनिटरला कार्ड कधी कधी टीव्ही समजते आणि मर्यादित, म्हणजे ‘लिमिटेड’, आवाका पाठवते; मग मॉनिटर त्यातला १६ हा काळा न मानता करडा दाखवतो. तेथे ‘फुल’ निवडावे. त्याच जागी रंगाचे स्वरूप आरजीबी (प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा व निळा यांच्या वेगवेगळ्या किमती) आहे का, हेही पाहावे. माझ्याकडे ते वायसीबीसीआर ४:२:२ होते. त्यात उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलसाठी जाते, पण रंगाची माहिती शेजारच्या दोन पिक्सेलांत मिळून एकच असते. चित्रपट पाहताना हे जाणवतही नाही. दोन-तीन पिक्सेलांच्या रंगीत अनुस्वाराचा किंवा रफाराचा मात्र त्यात बळी जातो, आणि आपल्या लिपीत एक टिंब गेले तरी शब्द बदलतो.

आरजीबी व फुल ही दोन्ही सेटिंग्ज लागू केली, त्या क्षणी अक्षरांच्या कडा स्वच्छ झाल्या. तरीही एक पडताळणी करावी: चित्रे काढण्याच्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये पूर्ण काळ्या पार्श्वभूमीवर, तिन्ही रंगांची किंमत १६ असलेला एक चौकोन काढावा. तो अंधुक का होईना, दिसला पाहिजे. काळ्यात पूर्ण विरघळला, तर मॉनिटर स्वतः मर्यादित आवाक्यावर असण्याची शक्यता आहे, आणि ते त्याच्या बटणांवरच्या मेनूतून बदलावे लागते. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, नव्याने बसवल्यावर ही सेटिंग्ज मूळ पदावर जाऊ शकतात, म्हणून तो चौकोन मी डेस्कटॉपवर जपून ठेवला आहे आणि ड्रायव्हर बदलला की पहिल्यांदा तीच फाइल उघडतो.