ढोलकी आली, आवाज गेला

कॅमेरा कुठला घ्यावा, फोन कुठला चांगला, हे मला विचारू नका. तुमच्याकडे आहे तो चालेल. गोव्यात रस्त्यावर गाणारे-वाजवणारे शोधून त्यांचं चित्रीकरण करायला लागलो त्याला चार वर्षं होतील. त्यातलं पहिलं वर्ष पाण्यात गेलं. ते कशामुळे गेलं तेवढं नीट सांगतो. बाकीचं करता करता येतं.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. चोरीसच्या, म्हणजे गोव्याच्या डुकराच्या सॉसेजच्या, माळा टांगलेल्या असतात तिथून पुढे, मातीच्या भांड्यांच्या ओळीला लागून एक जोडपं बसलं होतं. नवरा ढोलकीवर, बायको गवळण म्हणत होती. घाटावरची माणसं, बोलण्यात निम्मं कानडी. बाईंचा आवाज बारीक, पण सुराला असा पक्का की मी हातातली पिशवी खाली ठेवली. वरचा सूर घेताना त्या मान किंचित डावीकडे कलवायच्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या. "मावशी, काढू का?" विचारलं. मानेनंच हो म्हणाल्या. सहा मिनिटं काढलं, पन्नास रुपये ठेवले आणि डिचोलीची बस पकडली. बसमध्ये आवाज बंद करून चारदा चित्र बघितलं. काय खूश होतो मी!

घरी येऊन आवाज लावला. ढोलकीवर थाप पडली की गाणं बुडायचं. दोन थापांच्या मधे बाजाराचा कल्ला फुगून वर यायचा, पुन्हा थाप, पुन्हा सगळं खाली. गवळणीचे शब्द लागत नव्हते. मागच्या मिरचीवालीनं सांगितलेला भाव मात्र आजही स्वच्छ ऐकू येतो.

पुढच्या शुक्रवारी उसना माइक घेऊन गेलो तर जागा रिकामी. सात शुक्रवार गेलो. भांडीवाला म्हणाला, "ते फिरतीचे रे, जत्रेमागून जत्रा. इथे कशाला थांबतील?"

झालं काय होतं ते समजून घ्या, कारण नव्या माणसाचं हेच होतं. फोन मुळात बोलण्यासाठी केलेला. आवाजाची पातळी तो आपणच सांभाळतो. मोठा आवाज आला की झटक्यात पातळी खाली ओढतो आणि मग सावकाश वर आणतो. ढोलकीची थाप म्हणजे त्याच्या लेखी कुणीतरी ओरडलं. त्यानं ओढलेल्या पातळीबरोबर गाणंही खाली जातं, कारण त्याला ढोलकी वेगळी आणि बाई वेगळी हे कळत नाही. हे रेकॉर्ड होतानाच घडून जातं. नंतर संगणकावर आवाज वाढवलात तर मिरचीवालीही तेवढीच वाढते. हे पुन्हा सांगतो, कारण मला तिघांनी सांगूनही पटलं नव्हतं: ते नंतर दुरुस्त होत नाही.

मग तिथे उभा असताना मला कळलं कसं नाही? कान निवडून ऐकतो. बाजारात हवं ते गाणं तो बरोबर उचलतो आणि बाकीचं मागे टाकतो. माइकला ती अक्कल नाही. म्हणून हेडफोन. वायरचे, कान झाकणारे, आणि चित्रीकरण चालू असताना डोक्यावर. घरी जाऊन नव्हे.

आता उपाय. पातळी हातानं ठरवता येईल असं ॲप घ्या, किंवा छोटा रेकॉर्डर. सुरुवातीला त्यांना सगळ्यात जोरात जे वाजवतील ते थोडं वाजवायला सांगा, काटा वजा 12 डेसिबलच्या आसपास ठेवा आणि मग हात लावू नका. शून्याला टेकला की आवाजाचा माथा कापला जातो आणि खरखर उरते. याहून महत्त्वाचं अंतर. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलनं पडतो. म्हणजे रेकॉर्डर गाणाऱ्या बाईंच्या गुडघ्यापाशी आणि ढोलकीपासून चार हात लांब ठेवला तर निम्मं काम तिथेच झालं. कॅमेरा कुठेही उभा करा. कपड्याला लावायचा माइक द्यायचा असेल तर त्यांच्याच हातात द्या, त्या लावतील. मंगळसूत्र घासणार नाही एवढं बघा.

आवाज स्वच्छ करणाऱ्या ॲप्सच्या नादी लागू नका. गोंगाट समजून ती ढोलकीची आस, म्हणजे थापेनंतर रेंगाळणारा नादच खाऊन टाकतात. तीन दिवसांत रील शिकवणारे वर्गही तसलेच. साडेतीन हजार घालवून बोलतोय. तिथे ड्रोन शिकवला, हेडफोनचं नाव नाही. मला खरं शिकवलं ते गावात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या काकांनी. त्यांनी देवळात भजनाला रात्रभर उभं केलं, कानावर हेडफोन दिले आणि कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. तेव्हा राग आला होता.

घुमटाचं, म्हणजे मातीच्या मडक्याला चामडं लावलेल्या गोव्याच्या वाद्याचं, वेगळं. 2019 साली गोवा सरकारनं त्याला वारसा वाद्याचा मान दिला, तेव्हापासून सगळ्यांना ते काढायचं असतं. त्याचा घुमारा खालच्या पट्टीत असतो आणि रेकॉर्डरवर खालचा आवाज कापणारं बटन वाऱ्यासाठी चालूच ठेवलेलं असतं. ते बंद करा, वाऱ्यासाठी माइकला केसाळ टोपी घाला. 24 जूनला सांजांवला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, घुमट-कांसाळें (झांजा) घेऊन लोक विहिरी-विहिरी फिरतात तेव्हा पाऊसही असतो, प्लास्टिकची पिशवी न्या. आणि कॅमेरा चालू ठेवून "हे चामडं घोरपडीचं का?" असं कुणाला विचारू नका. 1972 च्या कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे, आता बकऱ्याचं चामडं लावतात. तुमच्या एका प्रश्नानं म्हाताऱ्या वादकाच्या घरी चौकशी जाऊ शकते.

शिगम्याच्या मिरवणुकीत ढोल-ताशांपुढे उभे राहू नका, बाजूच्या गल्लीत जा. हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात हंगामात वाजवणारे भेटतात, पण तिथे तुमच्यासारखे पन्नास असतात. पणजीच्या जुन्या फोंतेन्हास वाड्यात गिटारवाला दिसला म्हणून कुणाच्याही पायरीवर ट्रायपॉड रोवू नका. ती राहती घरं आहेत आणि लोक वैतागलेत, त्यांचं बरोबर आहे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावणाऱ्याचं काढत बसलात तर तो तुमच्यामुळे अडकेल. सिनेमाचं गाणं वाजवलं असेल तर व्हिडिओ इंटरनेटवर चढवल्यावर गाण्याच्या कंपनीचा हक्काचा दावा येतो. घाबरू नका, बहुतेक वेळा फक्त पैसे कंपनीला जातात.

पैसे आधी द्या आणि ते देताना कॅमेरा बंद ठेवा. नाव घालू का, हे वेगळं विचारा. पणजीत बासरी वाजवणारे एक गृहस्थ मला म्हणाले, "बाबा, चेहरा घे, नाव नको. गावात सांगितलंय मी हॉटेलात कामाला आहे." मी चेहराही घेतला नाही, फक्त बोटं घेतली. तो माझा सगळ्यात चांगला व्हिडिओ आहे.

पहिले दहा वाया जातील, जाऊ देत. कुणी हसत नाही, बाजारात कुणाला तेवढा वेळ नसतो. शुक्रवारी सकाळी नऊच्या आधी या, नंतर गर्दीत पाय ठेवायला जागा मिळत नाही. मी भांड्यांच्या ओळीपाशीच असतो, ते जोडपं येतं का बघत. हेडफोन आपले आणा.